‘डिसरिगार्ड’ हा इंग्रजी शब्द नेमका कुठे आणि कसा वापरावा

‘डिसरिगार्ड’ या शब्दाचा अर्थ ‘दुर्लक्ष करणे’ असा सांगितला जातो आणि तो चुकीचा नाही. अडचण अशी की ‘इग्नोर’, ‘निग्लेक्ट’ आणि ‘ओव्हरलुक’ या तिन्ही शब्दांसाठीही आपण तेच क्रियापद वापरतो, त्यामुळे इंग्रजीत लिहिण्याची वेळ आली की चारांपैकी कोणता शब्द निवडावा हे ठरवता येत नाही.

हा फरक एकाच वाहनचालकाच्या वागण्यातून पाहता येतो. वेगमर्यादेचा फलक त्याच्या नजरेतून सुटला, तर ती नजरचूक, म्हणजे ‘ओव्हरलुक’. शेजारी बसलेली व्यक्ती सावध करत असताना त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले, तर ‘इग्नोर’. ब्रेकची वेळच्या वेळी तपासणी करण्याचे काम त्याचे होते आणि त्यात त्याने हयगय केली, तर ‘निग्लेक्ट’. मात्र फलक नीट वाचून, त्याचा अर्थ समजूनही त्याने वेग कमी केला नाही, म्हणजे मर्यादेला जुमानलेच नाही, तर तिथे ‘डिसरिगार्ड’ हाच शब्द सर्वांत चपखल बसतो. ‘रिगार्ड’ म्हणजे दखल घेणे, मान राखणे. त्याला नकारार्थी ‘डिस’ जोडला की माहीत असलेली गोष्ट जाणूनबुजून विचारात न घेणे, हा अर्थ तयार होतो.

या शब्दात दर वेळी दोषारोप असतोच असे नाही. थकबाकीच्या स्मरणपत्राखाली ‘इफ यू हॅव ऑलरेडी पेड, प्लीज डिसरिगार्ड धिस नोटिस’ असे वाक्य असते. त्याचा अर्थ एवढाच की रक्कम भरली असल्यास हे पत्र विचारात घेऊ नये. अशा औपचारिक मजकुरात ‘इग्नोर’ चुकीचा ठरत नाही, पण ‘डिसरिगार्ड’ अधिक शोभतो.

मराठी लेखकाची सर्वाधिक चूक होते ती शब्दयोगी अव्ययात, आणि तिचे कारण आपल्याच वाक्यरचनेत आहे. आपण नियमां‘कडे’ दुर्लक्ष करतो, म्हणून इंग्रजीतही नकळत ‘ही डिसरिगार्डेड टु द रूल्स’ असे लिहिले जाते. क्रियापद म्हणून वापरताना या शब्दाला थेट कर्म लागते: ‘ही डिसरिगार्डेड द रूल्स’. नाम म्हणून वापरताना मात्र पुढे ‘फॉर’ किंवा ‘ऑफ’ येते. वृत्ती सांगायची असेल तर ‘फॉर’ अधिक रूढ आहे, जसे ‘ही शोड अ कम्प्लीट डिसरिगार्ड फॉर सेफ्टी’, म्हणजे त्याने सुरक्षिततेची जराही पर्वा केली नाही. ‘डिसरिगार्ड टु’ ही रचना दोन्ही ठिकाणी टाळावी.

नामाच्या आधी येणारी विशेषणेही ठरलेली आहेत: ‘टोटल’, ‘ब्लेटंट’, ‘विलफुल’, ‘रेकलेस’. यांपैकी शेवटचे कायद्यात फार महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सुलिव्हन’ या खटल्यात 1964 साली असे ठरवले की सरकारी पदाधिकाऱ्याला त्याच्या पदावरील वर्तनाबद्दलच्या मजकुरावरून बदनामीची भरपाई हवी असेल, तर तो मजकूर खोटा आहे हे माहीत असताना किंवा तो खरा की खोटा याची ‘रेकलेस डिसरिगार्ड’ने, म्हणजे बेपर्वाईने, फिकीर न करता छापला गेला हे सिद्ध करावे लागेल. त्यामुळे कार्यालयीन तक्रारीत हा शब्दप्रयोग सहज म्हणून करू नये, कारण तो साध्या निष्काळजीपणापेक्षा बराच गंभीर आरोप आहे.

‘डिसरिस्पेक्ट’ म्हणजे अनादर. तो वेगळा शब्द असून दोघांची अदलाबदल करता येत नाही. उच्चारात जोर शेवटच्या ‘गार्ड’वर येतो.

राहिला रोजचा वापर. चुकीचा ईमेल गेल्यावर ‘प्लीज डिसरिगार्ड माय प्रीव्हियस ईमेल’ असे लिहिण्याची पद्धत योग्य आहे, परंतु मधल्या काळात दोन-तीन संदेश गेले असतील तर नेमका कोणता रद्द समजावा हे वाचणाऱ्याला उमगत नाही. म्हणून त्या ईमेलची तारीख व विषय नमूद करावा आणि दुरुस्त मजकूर त्याच पत्रात द्यावा.