बेडरूमच्या भिंतीला नवा रंग: खरे काम पुट्टीचे

बेडरूम रंगवण्याविषयीचे बहुतेक सल्ले रंगाच्या छटेपासून सुरू होतात, खरे तर छटा सर्वांत शेवटी ठरवली तरी चालते. जुन्या फ्लॅटमधील सिमेंट प्लास्टरच्या भिंतीवर डिस्टेंपरचे, म्हणजे पाण्यात कालवायच्या भुकटीसारख्या स्वस्त रंगाचे, थर आधीच चढलेले असतात, आणि अशा भिंतीवर नवा रंग टिकणार की त्याचे पोपडे निघणार, हे पुट्टी, म्हणजे भिंत सपाट करणारा लगदा, भरतानाच ठरते.

सामान खोलीच्या मधोमध ओढून झाकावे, खिळे उपटावेत. गणपतीच्या आदल्या आठवड्यात रंगकाम उरकण्याच्या घाईला माझा ठाम विरोध आहे. पावसाने भिजलेली बाहेरच्या बाजूची भिंत तेव्हा वाळलेली नसते. शंका असल्यास फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर २४ तास ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूस पाणी सुटले, तर रंगाआधी गळतीचा बंदोबस्त करावा.

आता पुट्टी. भिंतीवरून ओले बोट फिरवून पाहावे. बोटाला पांढरी भुकटी लागली, तर तो डिस्टेंपर पाणी मारून, पत्र्याने (पुट्टी लावायच्या पातळ पात्याने) प्लास्टरपर्यंत खरवडून काढण्यास पर्याय नाही. ‘वरून पुट्टी मारली की सगळे झाकले जाते’ हे वाक्य कोणी ऐकवले, तर त्या माणसाला काम देऊ नये. पुट्टी खालच्या थराला धरून राहते. तो थरच सुटला, की पुट्टी, प्रायमर (रंगाखालचे अस्तर) आणि रंग एकाच पापुद्र्यात खाली येतात.

दुकानात पुट्टी दोन प्रकारची मिळते आणि दोहोंची गल्लत हेच निम्म्या बिघाडांचे मूळ असते. व्हाइट सिमेंटची पुट्टी उघड्या प्लास्टरसाठी असते. भिंत किंचित ओलसर करून ती लावतात आणि तिच्याखाली प्रायमर लागत नाही. ती पाण्याशी संयोग होऊन घट्ट होत असल्यामुळे दोन तासांत संपेल इतकीच कालवावी, आणि घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात पुन्हा पाणी घालून ते कदापि वापरू नये. अ‍ॅक्रिलिक पुट्टी तयार लगद्याच्या रूपात मिळते व प्रायमरवर लावली जाते. जुना इमल्शन (पाण्यात मिसळणारा प्लास्टिक) रंग घट्ट धरून असेल, तर तो घासून, प्रायमर देऊन, केवळ खड्ड्यांपुरती अ‍ॅक्रिलिक पुट्टी पुरते. सबंध भिंत लिंपणे हा निव्वळ खर्च आहे.

केसाएवढी भेग तशीच भरू नये, कारण पुट्टी तिच्या तोंडावरच अडते. पत्र्याच्या टोकाने ती आधी थोडी रुंद करावी. पुट्टीचे दोन पातळ थर द्यावेत, दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या आत. पुट्टी वाळल्यावर रात्री दिवे मालवून बॅटरीचा झोत भिंतीला लगटून सोडावा. दिवसा गुळगुळीत भासलेल्या भिंतीवर पत्र्याच्या कडेने उठलेल्या रेघा, स्विचबोर्डाभोवतीचा फुगवटा आणि राहून गेलेले खळगे त्या तिरप्या उजेडात सावल्या टाकू लागतात. त्यांवर पेन्सिलने खुणा करून आधी १८० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे. तोंडाला मास्क हवाच. घासल्यानंतर उरलेली धूळ मऊ ब्रशने पूर्ण झाडावी. धुळीवर मारलेला प्रायमर धुळीसकट निघतो.

खोलीतले पार्टिशन जिप्सम बोर्डाचे असेल, तर त्यावर पाणी मारू नये आणि व्हाइट सिमेंटची पुट्टीही लावू नये, कारण बोर्डावरचा कागद पाण्याने फुगतो. त्याच्या सांध्यांवर भेग पडलेली असल्यास जुनी टेप सोलून नवी टेप व जॉइंटिंग कंपाउंड (बोर्डाचे सांधे भरायचा लगदा) लावावे. नुसती पुट्टी भरली, तर भेग तिथेच पुन्हा उमटते.

पुढे प्रायमरचा एक हात आणि इमल्शनचे दोन, डब्यावर दिलेल्या प्रमाणात पाणी घालून. १० बाय १२ फुटांच्या खोलीच्या भिंतींना साधारण चार लिटर रंग पुरतो.

वॉलपेपर लावायचाच असेल, तर तो आतल्या भिंतीवर लावावा. पाऊस झेलणाऱ्या भिंतीवरचा व्हिनाइल वॉलपेपर ओल कोंडून ठेवतो व त्यामागे बुरशी धरते, आणि ती वास येईपर्यंत कळत नाही. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून तिच्यावर शेडचा नंबर लिहून ठेवावा, कारण पलंगाच्या उशाकडची भिंत सर्वांत आधी मळते.