ओक टसर: डोंगरातला रेशीमपतंग पाळताना या चुका टाळा

गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाची अळी पाहिलेला माणूस उत्तराखंडात किंवा मणिपुरात गेला, की ओकवरील अळीलाही तेच नियम लावतो आणि बहुतेक चुका तेथूनच सुरू होतात. विदर्भातला पतंग अँथेरिया मायलिटा, तर डोंगरातला अँथेरिया प्रॉयली हा हिमालयातील रानटी रॉयली आणि चीनमधील पर्नी यांचा संकर असून तो १९६९ च्या सुमारास भारतीय शास्त्रज्ञांनी तयार केला. रॉयलीचा कोष दुपदरी आणि इतका कठीण असतो, की त्याचा सलग धागा निघत नाही. म्हणून रानात सापडलेले कोष गोळा करून धाग्याचा हिशेब मांडू नये.

सर्वांत महाग पडणारी चूक वेळेची आहे. हिवाळाभर कोषात निद्रिस्त राहिलेला जीव वसंतात पतंग होऊन बाहेर येतो, अंडी देतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत अळ्या निघतात. त्या वेळी बांजाला (हिमालयातील ओकच्या झाडाला) कोवळी पालवी फुटलेली नसेल, तर जून, चिवट पाने इवल्या अळीला खाता येत नाहीत आणि सगळा अंडीपुंज वाया जातो. उपाय म्हणजे कोष थंड जागी ठेवून पतंगांचे निघणे लांबवणे आणि झाडाच्या कळ्या रोज पाहणे. माझ्या मते दिनदर्शिकेपेक्षा त्या कळ्याच अधिक विश्वासू आहेत. येथे प्रकाशाकडेही दुर्लक्ष होते. पर्नीच्या कोशितात, म्हणजे कोषातल्या निद्रिस्त जीवात, मेंदूच्या वरचे कवच पारदर्शक असते आणि दिवस मोठा झाल्याचे त्यातूनच मेंदूला कळते, हे १९६४ मध्ये प्रयोगाने दिसून आले. तेव्हा कोषांच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत दिवा जळत ठेवू नये.

पतंग कोष कुरतडून बाहेर येतो, हाही गैरसमज आहे. त्याला चावायला जबडाच नसतो. कोषाचे एक टोक आधी ओलसर दिसू लागते, कारण पतंगाने सोडलेल्या पाचक रसाने तेथील डिंक विरघळतो. मग धागे बाजूला सारत डोके बाहेर येते आणि चुरगळलेले पंख घेऊन तो वर चढून लटकतो. या वेळी त्याला ‘मदत’ म्हणून ओढून काढल्यास पंख कायमचे आखडतात. पंख पसरल्यावर चारही पंखांवर काचेसारखी पारदर्शक खिडकी असलेला डोळ्यासारखा ठिपका दिसतो. नर ओळखायचा तो पिसासारख्या रुंद मिशांवरून; मादीच्या मिशा अरुंद आणि पोट फुगीर असते. दोघेही काहीच खात नाहीत, त्यामुळे साखरपाणी ठेवणे निरर्थक आहे.

नुकतीच निघालेली अळी काळी दिसते म्हणून ती रोगट समजून फेकू नये, पहिली कात टाकल्यावर ती हिरवी होते. खरा धोका पेब्रिनचा आहे, कारण हा रोग अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. अंडी देऊन झालेल्या प्रत्येक मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्याशिवाय तिचे अंडीपुंज वापरू नयेत. अळीच्या अंगावर वाघासारखे काळे पट्टे उमटणारा टायगर बँड रोग विषाणूजन्य आहे, त्यामुळे मेलेल्या अळ्या झाडाखाली टाकून न देता दूर नेऊन जाळाव्यात आणि अंडी निर्जंतुक करूनच उबवावीत. पतंग निघून गेलेले भोक पडलेले कोष मात्र टाकू नयेत, त्यांचा सलग धागा निघत नसला, तरी कातून घिच्चा नावाचे जाडसर सूत करता येते.