गोल्ड कोस्टची तारीख ठरवण्याआधी

ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टच्या किनाऱ्यावर सुट्टीला जायचंय आणि तिथे ऋतू उलटे असतात हे माहीत आहे असं धरून चालतो. डिसेंबर-जानेवारी उन्हाळा, जून-जुलै हिवाळा, झालं. तापमानाचा तक्ता कुठेही मिळतो आणि सगळे तिथूनच सुरुवात करतात: मेमध्ये कमाल २३-२४, जुलैत २१, जानेवारीत २८-२९, म्हणजे बाराही महिने छानच. इथेच फसायला होतं. तक्ता बाजूला ठेवा आणि ज्या तारखा डोक्यात आहेत त्या तारखांना तिथे सूर्य किती वाजता मावळतो ते आधी बघा. विमान, हॉटेल, व्हिसा सगळं नंतर.

गोल्ड कोस्ट ज्या क्वीन्सलँड राज्यात आहे ते शेजारच्या राज्यासारखं उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करत नाही आणि गोल्ड कोस्ट ऑस्ट्रेलियाच्या पूर्व टोकाला आहे. त्यामुळे तिथे लवकर उजाडतं आणि लवकर अंधारतं. डिसेंबरात पहाटे पावणेपाचला सूर्य वर आलेला असतो आणि पावणेसातच्या आसपास मावळतो. मेअखेर आणि जूनमध्ये तो संध्याकाळी पाचलाच जातो. त्यात समुद्र पूर्वेला. गुहागर-कळंगुटची सवय असलेल्या माणसाला सूर्य पाण्यात बुडेपर्यंत वाळूत बसायचं असतं. इथे तो पाठीमागे मावळतो आणि पाठीमागे टॉवरांची रांग आहे. सर्फर्स पॅराडाइज या टॉवरांच्या मुख्य भागातली क्यू-वन ही एकटी इमारत ३२२ मीटर उंच. जूनमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४० अंशांच्या खालीच राहतो, त्यामुळे अडीच-तीनच्या सुमारास सावल्या वाळू ओलांडून पाण्याकडे सरकलेल्या असतात. ओल्या अंगाने सावलीत, वाऱ्यात उभं राहिल्यावर ते २१ अंश किती गार लागतात हे तक्ता सांगत नाही.

म्हणून जेवून जरा आडवं व्हायचं आणि चार वाजता बीचवर जायचं, हा आपला ठरलेला कार्यक्रम मे ते ऑगस्ट बाद. या महिन्यांत बीच म्हणजे सकाळी आठ ते दुपारी दोन. हे पटत नसेल तर हे महिने निवडू नका.

आता मेची सुट्टी, कारण बहुतेक घरांत मुलांच्या शाळेमुळे तीच हाताशी असते. हवा उत्तम, उन्हाळ्याचा पाऊस ओसरलेला, पाणी अजून २३-२४ अंश, गर्दी कमी, भाडी उतरलेली. सगळं बरोबर. फक्त सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. (हो, पुन्हा तेच. हे एवढं एक वाक्य कागदावर लिहून फ्रिजवर लावा.) मेमध्येच जायचं असेल तर राहण्याची जागा सर्फर्स पॅराडाइजच्या टॉवरांखाली न घेता दक्षिणेला कूलनगट्टाला घ्या. तिथल्या ग्रीनमाउंट आणि रेनबो बेचं तोंड उत्तरेकडे आहे, आणि दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे दुपारनंतरही अंगावर ऊन राहतं. नाहीतर उत्तरेला द स्पिट या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर जा, तिथे वाळूमागे टॉवर नाहीत, झाडी आहे. स्पिटच्या दुसऱ्या बाजूला ब्रॉडवॉटर खाडीचं शांत पाणी पश्चिमेला आहे. पाण्यावरचा सूर्यास्त हवाच असेल तर तो तिथे मिळेल.

जून-जुलै पाण्यात उतरण्यासाठी नाही. ऑगस्टपर्यंत पाणी २०-२१ अंशांवर येतं, रात्री दहा-बारा अंशांच्या असतात आणि फ्लॅटमध्ये हीटर असेलच असं नाही, तो विचारून घ्या. जुलैच्या सुरुवातीला मॅरेथॉन असते, तेव्हा रस्ते बंद आणि खोल्या महाग. हंपबॅक देवमासे मात्र जूनपासून उत्तरेकडे जाताना दिसू लागतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत परतताना दिसतात. त्यांच्यासाठीच जाणार असाल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा: वर्षातला सगळ्यात कोरडा काळ, बछड्यांसह परतणाऱ्या माद्या, आणि सूर्यास्त साडेपाचच्या पुढे सरकलेला. ऑगस्ट-सप्टेंबरात मॅगपाय पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्यांच्या डोक्यावर झेप घेतात, सायकलवाल्यांवर जास्तच. टोपी घाला आणि पळू नका.

माझ्या मते सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. सूर्यास्त सहाच्या आसपास किंवा पुढे, सूर्य उंच, त्यामुळे सावली उशिरा पडते. पाणी २२-२३ अंश आणि चढत जाणारं. दिवाळीची सुट्टीही बहुतेक वर्षी याच टप्प्यात येते. पण यात खड्डे आहेत. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला क्वीन्सलँडच्या शाळांना सुट्टी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सर्फर्स पॅराडाइजच्या रस्त्यांवर ‘गोल्ड कोस्ट ५००’ मोटारशर्यत. रस्ते बंद, तीन दिवस कानठळ्या. आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होणारं ‘स्कूलीज’, म्हणजे बारावी संपलेल्या हजारो मुलांचा जल्लोष. लहान मुलं किंवा आईबाबा बरोबर असतील तर त्या काळात सर्फर्स पॅराडाइजला राहूच नका. नोव्हेंबरपासून दुपारनंतर वादळी सरीही सुरू होतात, गारांसकट. गाडी भाड्याने घेतली असेल तर छपराखालचं पार्किंग बघा.

सुट्ट्यांचं कॅलेंडर बघताना फक्त क्वीन्सलँडचं बघू नका. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियातली माणसंही इथेच येतात आणि तिन्ही राज्यांच्या तारखा मागेपुढे असतात. तिन्ही सरकारी शिक्षण खात्यांच्या साइटवरून घ्या. ईस्टर दरवर्षी हलतो, तोही बघा.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर: सगळ्यात महाग, सगळ्यात गर्दी, दमट उकाडा, पण पाणी मस्त. बीचवर जायची वेळ सकाळी सहा ते नऊ. साडेचारला उजाडतं, त्यामुळे खोलीला जाड पडदे नसतील तर झोप गेली. (बघा, इथेही तेच. सूर्य उगवतो कधी आणि मावळतो कधी, दोन्ही बघा.) अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, तेव्हा एसपीएफ ५० चं सनस्क्रीन दर दोन तासांनी. ईशान्येचा वारा सुटला की ब्लूबॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे डंख मारणारे निळे जीव, किनाऱ्याला लागतात, मुंबईत पावसाळ्यात येतात तेच. डंख झाला तर समुद्राच्या पाण्याने धुवा, चिकटलेले धागे काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपेक्षा जास्त नाही, २० मिनिटं धरा. व्हिनेगर लावू नका, उगाच आणखी झोंबतं.

फेब्रुवारी-मार्च: पाणी २६ अंशांच्या आसपास, भाडी कमी, आणि पाऊस. चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. वादळ शेकडो किलोमीटर दूर कोरल समुद्रात असलं तरी लाटांमुळे किनारे बंद होतात. मार्च २०२५ मध्ये आल्फ्रेड वादळाने इथली वाळू ओरबाडून नेली आणि किनाऱ्यावर माणसापेक्षा उंच कडे तयार झाले. रद्द करता येईल असंच बुकिंग करा. स्प्रिंगब्रुकच्या जंगलातल्या नॅचरल ब्रिज गुहेतले ग्लो-वर्मचे, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या अळ्यांचे दिवे मात्र याच दमट महिन्यांत छान दिसतात.

तारीख ठरली? मग जागा घेताना तीन प्रश्न लेखी विचारा. बाल्कनी कुठल्या दिशेला? पोहण्याच्या तलावावर ऊन किती ते किती वाजता असतं? तलाव गरम केलेला आहे का? ‘बीचफ्रंट’ या शब्दावर जाऊ नका. ‘सी-व्ह्यू’ म्हणजे पूर्वेची बाल्कनी, म्हणजे दुपारनंतर सावली. मे ते ऑगस्ट जाणार असाल तर उत्तरेकडची बाल्कनी मागा. उत्तरेकडची. आपल्याकडचा दक्षिणेचा हिशोब तिथे उलटा लागतो.

उरलेलं भराभर. ब्रिस्बेन विमानतळावरून हेलेन्सव्हेलला थेट ट्रेन, तिथून ट्राम; ट्राम-बसला ५० सेंट, विमानतळ स्टेशनाचं तिकीट वेगळं आणि महाग. कूलनगट्टाला राहिलात तर ऑक्टोबर ते एप्रिल सीमेपलीकडे न्यू साउथ वेल्समध्ये घड्याळ एक तास पुढे असतं आणि फोन आपोआप उड्या मारतो. परतीच्या विमानाच्या दिवशी वेळ क्वीन्सलँडचीच धरा. पोहायचं फक्त जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांमध्ये. लहान मुलांना टॅलेबुजेरा खाडी. हिवाळ्यात स्वेटर, एकच पुरे. व्हिसाला वेळ ठेवा. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना वैद्यकीय तपासणी लागते. मिठाई, मसाले, लोणची जे काही असेल ते आगमनाच्या कार्डावर लिहा. जास्तीत जास्त काढून घेतील. लपवलं तर दंड मोठा आहे.