ब्रुक्स, बीन की घोडेवाला? न्यू इंग्लंडात नव्याने आलेल्यांसाठी कपड्यांचं थोडं

दर सप्टेंबरला हार्टफर्डच्या विमा कंपन्यांमध्ये आपली नवी मंडळी रुजू होतात आणि गणपतीत जेवणाच्या रांगेत हटकून तोच प्रश्न येतो : "ताई, ब्रुक्स ब्रदर्स घ्यायचं, राल्फ लॉरेन घ्यायचं की एल. एल. बीन?" हातात ताट, मागून लोक पुढे सरका म्हणतायत, तिथे काय सांगणार! म्हणून कपड्यांच्या या अमेरिकन दुकानांविषयी एकदाच सविस्तर लिहिते. घोडेवाला म्हणजे राल्फ लॉरेन, त्याच्या शर्टाच्या छातीवर घोडा असतो. हे सगळं कनेक्टिकट-मॅसॅच्युसेट्सच्या पट्ट्यापुरतं आहे. कॅलिफोर्नियात नोकरी असेल तर पुढे वाचायची गरज नाही, तिकडे टी-शर्टवर निवृत्तीपर्यंत निभावतं.

आधी इथल्या माणसांविषयी. "बिझनेस कॅज्युअल" म्हणजे नक्की काय, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, आणि चुकलात तर तोंडावर बोलणारही नाही. "नाइस शर्ट" म्हणतील, तेवढ्यावर फार विसंबू नका. दुसरं म्हणजे या भागातल्या जुन्या घरंदाज लोकांना नवंकोरं दिसण्याची हौस नाही. आमचे एक मोठे साहेब कोपराला चामड्याचं ठिगळ असलेलं जाकीट घालून वर्षानुवर्षं मीटिंगला यायचे. तेव्हा कडक इस्त्री, चकचकीत बूट, छातीवर मोठं बोधचिन्ह यांनी इथे कोणी भारावत नाही. आपल्याकडे भारावतात, म्हणून आपण तेच घेतो.

म्हणून पहिला महिना काहीच खरेदी करू नका. बघा फक्त.

आता मूळ मुद्दा. ब्रुक्स की बीन, हा प्रश्नच चुकीचा आहे. ही जुनी घराणी आहेत आणि प्रत्येक घराण्याची एक-दोन चिजांवर हुकमत आहे. गाण्यात किराणा घराण्याकडे जे ऐकायचं ते ग्वाल्हेरकडे मागू नये. एकाच दुकानातून नखशिखांत कपडे घेणारा माणूस त्या दुकानाच्या खिडकीतला पुतळा दिसतो. शर्ट एकीकडून घ्या, बूट दुसरीकडून, स्वेटर तिसरीकडून.

शर्टापासून सुरू करू, कारण सगळा डोलारा त्यावर आहे. ब्रुक्स ब्रदर्स हे न्यूयॉर्कचं १८१८ सालचं दुकान. शेवटच्या रात्री लिंकनच्या अंगात होता तो कोट यांचाच. इंग्लंडमध्ये पोलो खेळणाऱ्यांच्या कॉलरी वाऱ्याने उडू नयेत म्हणून बटणांनी खाली बसवलेल्या असत, ते ब्रुक्सच्या नातवाने पाहिलं आणि १८९६ च्या सुमारास तसा शर्ट इथे काढला. तोच आजचा ऑक्सफर्ड बटन-डाउन. पांढरा आणि फिकट निळा, दोन-दोन घ्या, निम्मा प्रश्न सुटतो. कापड जरा जाड, खरखरीत असतं. पहिल्या दिवशी आवडणार नाही, पण दहाव्या-पंधराव्या धुण्यानंतर मऊ पडायला लागतं.

यात दोन जाती आहेत : इस्त्री लागणारा आणि न लागणारा. आपली सगळी मंडळी न लागणाऱ्यावर झडप घालतात. त्या कापडावर राळेची प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे ते कागदासारखं सपाट राहतं आणि उन्हाळ्यात अंगात वाफ कोंडते. कनेक्टिकटचा जुलै मुंबईच्या मे महिन्याशी स्पर्धा करतो हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नसतं. शिवाय खऱ्या बटन-डाउनच्या कॉलरला बटणापाशी जो हलका फुगीर बाक येतो, तो कडक कॉलरला येत नाही. इस्त्रीचाच घ्या. इस्त्री स्वतः करा, आणि नवऱ्यांनो, हे तुम्हाला सांगते आहे.

माप हा वेगळाच घोळ. भारतात शर्टावर ३९, ४०, ४२ लिहितात ते कॉलरचे सेंटिमीटर. इथे तुम्ही दुकानात "फॉर्टी" म्हणालात की विक्रेता छातीचं माप समजून जाकिटं दाखवायला नेतो. इथे कॉलर इंचात आणि बाहीची लांबी वेगळी. आपला ३९ म्हणजे साडेपंधरा, ४२ म्हणजे साडेसोळा, ४० मधेच अडकतो, तेव्हा सोळा घ्या, धुतल्यावर आटतो. बाही मोजून घ्या, अंदाजाने नको. साडेपाच फुटी मराठी माणसाला बहुधा ३२ पुरते. ३४ ची घेतली की मनगटावर चुण्या पडतात. जाकिटाच्या आकड्यापुढे एस, आर, एल असतं. एस म्हणजे शॉर्ट, आर रेग्युलर, एल लाँग, आणि आपल्यापैकी पुष्कळांचा एस असतो. त्यात कमीपणा वाटून घेऊन आर घेणारे मी पाहिलेत. गुडघ्याकडे निघालेलं जाकीट घालून बिचारे फोटोत मागे उभे राहतात.

जाकिटाचा खांदा बसला तरच घ्या. बाही, कंबर, पँटची उंची हे सगळं शिंपी कमी-जास्त करून देतो, खांदा नाही. आणि इथला शिंपी फुकट नाही, सेलवर घेतलेल्या पँटचा निम्मा फायदा तो घेऊन जातो. निघण्याआधी लक्ष्मी रोडवर घाईघाईत तीन सूट शिवून आणणाऱ्यांसाठीही हेच. आपल्याकडचं कापड चांगलंच असतं, पण खांद्यात उशी भरतात आणि कंबर आवळतात. इथला जुना कट नेमका उलटा : खांदा नैसर्गिक, कंबर सैल, पुढे चुणी नाही. न्यू हेवनचं जे. प्रेस अजून तसं शिवतं. १९०२ साली येल विद्यापीठाच्या मुलांसाठी सुरू झालेलं हे दुकान १९८६ पासून जपानी कंपनीच्या मालकीचं आहे, आणि माझ्या मते म्हणूनच शाबूत राहिलं. महाग आहे. एक नेव्ही ब्लेझर घ्या आणि बाहेर पडा. जमलंच तर त्यांचं ते केसाळ शेटलंड स्वेटर, ज्याला शॅगी डॉग म्हणतात. टोचतं, आत शर्ट हवाच.

आता जे मी घसा फोडून सांगते आणि तरी कोणी ऐकत नाही ते : आउटलेट मॉल, म्हणजे कंपन्यांच्या सवलतीच्या दुकानांचा बाजार.

न्यूयॉर्क राज्यातल्या वुडबरी कॉमन या आउटलेट मॉलला जाणं हा आपल्या लोकांचा तीर्थयात्रेचा कार्यक्रम झालाय. आई-वडील आले की नायगारा आणि वुडबरी. तिथे ६० टक्के सूट पाहून माणसाचं भान सुटतं. समजून घ्या : आउटलेटमधला बराचसा माल मुख्य दुकानातून उरलेला नसतोच. तो आउटलेटसाठीच वेगळा, हलक्या कापडाचा बनवलेला असतो. टॅगवरच्या ज्या किमतीवर काट मारलेली असते, त्या किमतीला तो कधी कुठे विकला गेलेला नसतो. ब्रुक्सच्या आउटलेट मालावर ३४६ हा आकडा दिसेल. तो मॅडिसन अव्हेन्यूवरच्या त्यांच्या जुन्या मोठ्या दुकानाचा पत्ता, त्यामुळे अस्सल वाटतो. घोडेवाल्याचंही तसंच. राल्फ लॉरेन हा ब्रॉन्क्सचा मुलगा, काही काळ ब्रुक्समध्येच विक्रेता होता, १९६७ मध्ये टाय विकत सुरुवात केली. माणूस हुशार. पण त्याच्या नावाखाली पर्पल लेबल आहे, पोलो आहे, लॉरेन आहे, चॅप्स आहे, आणि या चौघांचा दर्जा चार प्रकारचा. "राल्फ लॉरेन घेतलं" म्हणजे कोणतं, हे लेबल वाचल्याशिवाय कळत नाही.

एका नव्या जोडप्याने थँक्सगिव्हिंगच्या रात्री थंडीत रांग लावून एका आउटलेटमधून आठ शर्ट आणले. हिवाळा संपायच्या आत आठांच्याही कॉलरला फुगे आले. कॉलरच्या आत चिकटवलेलं अस्तर धुण्यात सुटलं की असे फुगे येतात आणि ते कशाने बसत नाहीत. त्या पैशांत तीन चांगले शर्ट आले असते, पाच-सहा वर्षं गेले असते. दुकानात उभे असाल तेव्हा एवढं करा : शर्ट उलटा करा, काखेतली शिवण पहा, टाके दाट आहेत का. खिशावरच्या रेघा शर्टाच्या रेघांशी जुळतात का. मागचं टोक खोचल्यावर आत राहील इतकं लांब आहे का. कॉलर चुरगाळून सोडा, आत पुठ्ठा असल्यासारखी ताठ उभी राहिली तर परत ठेवा. मग टॅग वाचा. सूट किती टक्के हे सगळ्यात शेवटी.

आणि तो हत्तीएवढा घोडा छातीवर घेऊ नका. घ्यायचाच तर छोटा घ्या. पण घोडाच हवा असं तरी कुठे आहे?

ब्रुक्सबद्दल अजून एक. २०२० च्या जुलैत त्यांनी दिवाळखोरी जाहीर केली, कंपनी ३२.५ कोटी डॉलरला विकली गेली, आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या गार्लंड गावचा शर्टांचा कारखाना, मॅसॅच्युसेट्समधला हेवरिलचा सुटांचा कारखाना, दोन्ही बंद झाले. म्हणजे जुने काका लोक "ब्रुक्स म्हणजे ब्रुक्स" म्हणतात ते त्यांच्या काळातल्या ब्रुक्सबद्दल. शर्ट अजून घेण्यासारखा आहे, फक्त भक्तिभावाने घेऊ नका.

काका लोकांचं दुसरं पालुपद म्हणजे "बीनचं काहीही आयुष्यभर परत घेतात". घेत असत. फेब्रुवारी २०१८ पासून पावतीसह एक वर्ष. लोकांनी वीस-वीस वर्षं घासलेले बूट, कुठल्या कुठल्या गॅरेज सेलमधून उचललेले कपडे परत करून पैसे मागितले, मग दुसरं काय होणार? हे फक्त आपल्यांनी केलं असं नाही. पण वापरून परत करण्याच्या युक्त्या मंडळाच्या व्हॉट्सॲपवर अभिमानाने सांगणारे आपल्यात आहेत, आणि मला त्यांची लाज वाटते.

बीन हे मेन राज्यातल्या फ्रीपोर्टचं, १९१२ सालचं. बूट सोडून दुसरं काही नाही घेतलं तरी चालेल, बूट मात्र घ्याच. खाली रबर, वर चामडं. सुरुवातीच्या शंभर जोडांपैकी नव्वद उसवून परत आले आणि बीन नावाच्या त्या माणसाने सगळ्यांचे पैसे परत दिले, त्यावर ही कंपनी उभी राहिली. हे बूट आजही मेनमध्ये बनतात आणि तळवा झिजला की पैसे घेऊन नवा लावून देतात. आपल्या अमेरिकन मापापेक्षा एक माप कमी घ्या, सैल येतात. भारतातलं बुटाचं माप ब्रिटिश असतं हेही लक्षात ठेवा, पुरुषांना इथे साधारण एक आकडा वर. अस्तराशिवायचे घेतलेत तर जाड लोकरी मोजे लागतील. आणि हे बूट चिखलासाठी, ओल्या बर्फासाठी आहेत. रस्त्यावर काचेसारखा गोठलेला बर्फ असेल तर त्यावर घसरतात. पडू नका, पहिल्या वर्षी विम्याचे कागद समजायलाच वेळ लागतो.

ऑफिसात घालायला बास कंपनीचे पेनी लोफर, म्हणजे बिनलेसचे चामडी बूट, नाव वीजन्स. १९३६ पासूनचे. आपले पाय रुंद, तेव्हा रुंदीचं अक्षर विचारा, नुसता आकडा नको. डेकशूज, म्हणजे बोटीवर घालायचे बूट, उन्हाळ्यात, मोज्यांशिवाय. एवढं पुरे.

बायकांसाठी टॅलबट्स. मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगमला १९४७ साली सुरू झालं, लाल दरवाजा त्यांची ओळख. तरुण मुली "आज्यांचं दुकान" म्हणून नाक मुरडतात. मुरडोत. पाच फूट एक इंचाच्या बाईला बाही न दुमडता घालता येईल असा कोट आणि टाचेखाली न लोळणारी पँट मला इथे पेटीट, म्हणजे कमी उंचीच्या बायकांच्या, विभागात मिळाली. बाकी ठिकाणी मला लहान मुलांच्या विभागाकडे वळवायचे. लँड्स एंडलाही पेटीट मापं आहेत, आणि स्वस्तात स्वच्छ सुती कपडा हवा असेल तर स्त्री-पुरुष दोघांनाही तेच सांगेन.

मे अखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या लेबर डेपर्यंत पांढऱ्या पँटी आणि रंगीत चौकडे निघतात. मद्रास चौकड्याची हाफ पँट शंभर डॉलरला टांगलेली पाहून तुम्ही हसाल. हसा, पण तो आपलाच हातमाग आहे. केरळचे कृष्णन नायर हे कापड विकत. १९५८ मध्ये एका अमेरिकन आयातदाराने ते घेऊन ब्रुक्सला दिलं, आणि थंड पाण्यात वेगळं धुवा ही सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचलीच नाही. रंग गेला, तक्रारी आल्या, वकिलांपर्यंत प्रकरण गेलं, आणि मग रंग जाणं हीच या कापडाची खासियत म्हणून जाहिरात झाली. रंग जाण्याची हमी! नायरांनी पुढे मुंबईत सहारला लीला हॉटेल काढलं. तेव्हा मद्रास घ्यायचंच तर सुट्टीत घरी जाल तेव्हा आणा आणि इथल्या शिंप्याकडून शिवून घ्या, असा माझा सल्ला. ऑफिसला मात्र घालू नका.

बार्बरचं मेणकापडाचं जाकीट इंग्लंडहून आलेलं, सुंदर, पण त्याने ऊब येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिलपुरतंच. वॉशिंग मशीनमध्ये घातलंत तर मेण गेलं आणि जाकीटही. शिवाय गाडीच्या सीटला मेण लागतं.

जुन्या कपड्यांची दुकानं. हे ऐकून आईंचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. आपण जुने कपडे बोहारणीला देतो, घेत नाही. पण ग्रीनिच, वेस्टपोर्टसारख्या श्रीमंत गावांतल्या कन्साइनमेंट दुकानांत जुने, अमेरिकेत शिवलेले ब्लेझर, शेटलंड स्वेटर असे मिळतात की आज नव्यात तो दर्जा सापडत नाही. लोकर असेल तर प्रकाशासमोर धरून बारीक भोकं पहा, कसर लागलेली वस्तू घरात आणली तर बाकीच्या कपाटात पसरते. घरी आणल्यावर आधी ड्रायक्लीनिंगला टाका. लोकरीचं काहीही ड्रायरमध्ये नको, बाहुलीच्या मापाचं होऊन बाहेर येतं. उन्हाळ्यात बंद डब्यात ठेवा, डांबराच्या गोळ्यांऐवजी देवदाराच्या लाकडाचे ठोकळे, कारण तो डांबराचा वास इथल्या बंद ऑफिसात सगळ्यांना जाणवतो.

जानेवारीतला खरा कोट या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा, आणि तो पहिल्या वर्षी पूर्ण किमतीला घ्यावाच लागतो, थंडी सेलसाठी थांबत नाही. दुसरा घ्यायचा असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी घ्या, तेव्हा दुकानांना स्विमसूट लावायची घाई झालेली असते.