हल्ल्यातून पळून सुटायचं असेल तर

"धोका दिसला की पळा" हा सल्ला बरोबर आहे, पण हल्लेखोराने हात धरल्यावर नुसतं पळायला गेलात तर पाठ उघडी पडते आणि तो मागे खेचतो.

१. अनोळखी माणूस विनाकारण जवळ येत असेल तर तो दोन-तीन हात लांब असतानाच निघा. खात्री पटेपर्यंत थांबू नका. उगाच पळालो असं वाटलं तरी चालेल.

२. मनगट धरलं असेल तर हात त्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटक्यात फिरवून ओढा. पकड तिथेच सर्वांत कच्ची असते. सुटताच निघा, उलट मारायला थांबू नका.

३. पूर्ण वेगाने सामान्य माणूस फार तर 10-15 सेकंद पळू शकतो. म्हणून कुठून पळायचं यापेक्षा कुठे पोचायचं हे आधी ठरवा: उघडं दुकान, उजेड, माणसं. अंधारी गल्ली किंवा रिकामा जिना नको. कोणी गाडीतून पाठलाग करत असेल तर गाडीचं तोंड जिकडे आहे त्याच्या उलट दिशेने पळा, तिला वळायला वेळ लागतो.

४. जड पिशवी टाकून द्या. सैल चपलाही काढून टाका, मात्र काचा-खडे असतील तर नको. पळताना मोठ्याने ओरडत राहा.

सोबत लहान मूल किंवा वृद्ध असेल, किंवा पाठीमागे भिंत असेल तर पळणं जमेलच असं नाही. तिथे मध्ये टेबल, गाडी असा अडथळा ठेवून मदतीसाठी ओरडा.