कर्मचाऱ्यांच्या अपिलांना किती दिवस लागतात, याची तपासणी कशी करावी

शास्तीच्या (म्हणजे शिस्तभंगाच्या शिक्षेच्या) आदेशाविरुद्ध अपील केलेल्या कर्मचाऱ्याची वेतनवाढ, पदोन्नती आणि कधीकधी निवृत्तिवेतनाचे प्रकरणही निकाल लागेपर्यंत अडकून पडते. अशी अपिले वेळेत निकाली निघतात का, हे कर्मचारी संघटनेला किंवा खुद्द कार्यालयाला फारसा खर्च न करता तपासता येते. मात्र तारखा कोठून उचलायच्या हे आधी ठरवले नाही, तर हाती येणारा आकडा दिशाभूल करतो.

प्रथम अपील कोणाकडे जाते, हे निश्चित करावे. नाशिक जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यावर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी शास्ती बजावली असेल, तर अपील नाशिकरोडला विभागीय आयुक्तांकडे जाते आणि त्याला जिल्हा सेवेचे 1964 चे शिस्त व अपील नियम लागू होतात. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम लागू आहेत. या दोहोंचे तक्ते वेगळे ठेवावेत.

मोजपट्टी म्हणून सहा महिने धरावेत. विभागीय अपिले तीन ते सहा महिन्यांत निकाली निघावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये एस. एस. राठोर प्रकरणात म्हटले आहे. शिवाय प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, 1985 च्या कलम 20 प्रमाणे अपिलावर सहा महिन्यांत आदेश झाला नाही, तर शासकीय कर्मचाऱ्याला न्यायाधिकरणाकडे जाता येते. बदल्या आणि विलंब यांविषयीच्या 2005 च्या राज्य अधिनियमातील सात दिवसांची किंवा 45 दिवसांची मुदत अपिलाच्या निर्णयाला लावण्याचा मोह टाळावा, कारण त्याच अधिनियमाच्या कलम 11 ने अर्धन्यायिक (न्यायालयाप्रमाणे बाजू ऐकून निर्णय देण्याची) प्रकरणे वगळलेली आहेत, आणि चुकीची मोजपट्टी लावलेला अहवाल कार्यालय एका वाक्यात बाजूला सारते.

तपासणी संघटनेकडून होत असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे, एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा पाळावी लागते. नावे मागू नयेत. आवक क्रमांक आणि तारखा पुरतात, आणि वैयक्तिक माहितीचे कारण देऊन अर्ज नाकारण्यास जागाही उरत नाही.

प्रत्येक अपिलासाठी पाच तारखा टिपाव्यात: अपील आवक झाल्याची, मूळ कार्यालयाकडून अभिलेख व परिच्छेदनिहाय अभिप्राय (अपिलातील प्रत्येक परिच्छेदावरचे म्हणणे) मागवल्याची, ते प्रत्यक्ष मिळाल्याची, सुनावणीची आणि आदेश जावक झाल्याची. शेवटची तारीख आदेशावरील सहीची धरू नये. मी एका कार्यालयात पाहिलेल्या नस्तीत (फाइलमध्ये) आदेशावर 12 तारखेची सही होती, पण जावक नोंदवहीत तोच आदेश पुढच्या महिन्याच्या 29 तारखेला चढलेला होता. कर्मचाऱ्याच्या हाती काही नसलेले ते सगळे दिवस कार्यालयाच्या हिशेबात कोठेच नव्हते. आवक शिक्क्याचेही तसेच आहे. शिक्क्यातील तारीख आणि लिपिकाने शेजारी पेनाने लिहिलेली तारीख जुळत नसेल, तर अपीलकर्त्याकडील पोच मागवून पाहावी आणि दोन्ही तारखा शेऱ्यात लिहाव्यात.

या पाच तारखांमुळे विलंब कोणाच्या टेबलावर झाला, ते उलगडते. माझ्या अनुभवात सर्वाधिक दिवस दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेच्या मध्ये जातात: अपील प्राधिकारी अभिप्रायाची वाट पाहतात, मूळ कार्यालयाची आस्थापना शाखा स्मरणपत्राची वाट पाहते आणि नस्ती प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात पडून राहते. म्हणून किती स्मरणपत्रे गेली आणि कोणत्या तारखांना गेली, यासाठी तक्त्यात वेगळा रकाना ठेवावाच.

प्रकरणांची निवड निकालाच्या तारखेवरून न करता दाखल झाल्याच्या तारखेवरून करावी, म्हणजे 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षात आवक झालेली सर्व अपिले घ्यावीत आणि त्यांच्या जोडीला त्याआधीची प्रलंबित अपिलेही मोजावीत. केवळ निकाली निघालेली अपिले मोजली, तर जी अपिले वर्षानुवर्षे पडून आहेत तीच नेमकी हिशेबातून सुटतात. प्रलंबित अपिलाचे वय तपासणीच्या ठरलेल्या दिवसापर्यंत मोजावे.

सरासरीवर विसंबू नये. समजा नऊ अपिले प्रत्येकी 60 दिवसांत आणि दहावे 900 दिवसांत निकाली निघाले, तर सरासरी 144 दिवस येते, जी दहापैकी एकाही अपिलाची खरी कहाणी सांगत नाही. त्याऐवजी मध्यक (दिवसांचे आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) द्यावा, 180 दिवसांपलीकडे गेलेल्यांची संख्या द्यावी आणि सर्वांत जुन्या पाच प्रलंबित अपिलांचे आवक क्रमांक वयासह लिहावेत. त्या क्रमांकांमागे कोणीतरी निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभे असू शकते, म्हणून अहवालात मी हा भाग नेहमी पहिल्या पानावर घेतो.

न्यायालयाची स्थगिती असलेली किंवा अपीलकर्त्यानेच सुनावणीसाठी मुदत मागून घेतलेली प्रकरणे वेगळी दाखवावीत. अहवाल अंतिम करण्यापूर्वी मसुदा संबंधित कार्यालयाला पाठवून पंधरा दिवसांत खुलासा मागवावा, आणि आलेला खुलासा काटछाट न करता त्या-त्या अपिलाच्या नोंदीखाली छापावा.