उपवासकाळाची तयारी करताना या चुका टाळा

बऱ्याच ख्रिस्ती घरांत उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, आठवतो तो थेट त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी. कपाळावर राख घेऊन चर्चमधून परतताना प्रश्न पडतो, "यंदा काय सोडायचं?" घाईघाईत चहा नाहीतर गोड सोडलं जातं आणि पहिल्याच आठवड्यात नेम मोडतो. श्रद्धा कमी असते म्हणून असं होत नाही, तयारी झालेली नसते म्हणून होतं. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. निदान दोन आठवडे आधी घरात या विषयावर बोलणं व्हायला हवं.

सगळ्यात जास्त गोंधळ 'उपवास' या शब्दाचाच. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हा शब्द ऐकला की साबुदाणा, वरई, शेंगदाण्याची आमटी आठवते. शेजारच्या काकू आपुलकीने विचारतात, "तुमच्या उपवासाला काय चालतं?" आणि आपणही पदार्थांची यादी सांगू लागतो. कॅथलिक उपवासात आधी पाहायचं ते किती खाल्लं हे. दिवसातून एकदा पोटभर जेवण आणि लागलंच तर दोनदा थोडंसं, तेही दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होणार नाही इतकंच. वरणभात एकदाच जेवलात तर उपवास घडला. खिचडी तीन वेळा ताटभर खाल्लीत तर नाही घडला.

मांस वर्ज्य करणं हा वेगळा नियम आहे. तो वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून लागू होतो आणि राखेचा बुधवार, गुड फ्रायडे व या काळातले इतर शुक्रवार यांना पाळला जातो. उपवास मात्र राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी बंधनकारक आहे, तोही १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत. पंचाहत्तरीची आजी मधुमेहाच्या गोळ्या घेऊन दिवसभर उपाशी बसते, तेव्हा तिला हे हात धरून, प्रेमाने सांगा. गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर धोकादायक उतरू शकते. तिने जेवावं आणि एक रोजरी (जपमाळेची प्रार्थना) जास्त म्हणावी. आजारी माणसाला चर्चने उपवासातून मोकळं ठेवलेलं आहे.

वसईपासून गोव्यापर्यंत आपण किनाऱ्यावरची माणसं, त्यामुळे आणखी एक चूक होते. नियमाने मासे चालतात, म्हणून शुक्रवारी मटणाऐवजी पापलेट आणि कोळंबी येते. नियम पाळला जातो, पण त्याग कुठे झाला? त्यापेक्षा त्या दिवशी साधी भाजी-भाकरी करा.

चहा सोडणार असाल तर दोन आठवडे आधीपासून एकेक कप कमी करत जा. मी एका वर्षी बुधवारी एकदम बंद केला. डोकं इतकं दुखलं की घरातल्या प्रत्येकावर खेकसले. तो उपवास माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त सोसावा लागला.

वाचलेल्या पैशांचं काय करायचं, हेही आधीच ठरवा. राखेच्या बुधवारी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातून वाचन होतं, त्यात दान, प्रार्थना आणि उपवास एकत्र येतात. जेवणाच्या टेबलावर एक डबा ठेवा आणि त्यातली रक्कम कोणाला द्यायची ते मुलांना ठरवू द्या.

पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यावर ढकलू नका, तेव्हा रांगा लागतात आणि मन घाईत असतं. पूर्वीची रीत उपवासाआधीच मन मोकळं करण्याची होती. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये महाउपवास लागण्याआधीचा रविवार क्षमेचाच असतो. लोक एकमेकांसमोर वाकून माफी मागतात आणि मगच उपवास धरतात. आपल्याकडे बांधावरून, वाटणीवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत आणि दोघेही शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला हजर असतात. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायात भांडत केलेल्या उपवासाला देवाने नाकारलं आहे. मटण सोडण्याआधी भावाला फोन करा. सगळ्यात कठीण तयारी हीच, म्हणून ती सगळ्यात आधी.

मध्येच नेम मोडला तर संपूर्ण काळ वाया गेला असं मानू नका, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा धरा. रविवार चाळीस दिवसांत मोजत नाहीत, तो प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस.

आणि घरातल्या क्रुसामागे खोचून ठेवलेल्या, गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळ्या कचऱ्यात टाकू नका. राखेच्या बुधवारची राख त्यांचीच होते. चर्चमध्ये गोळा करत असतील तर वेळेत नेऊन द्या आणि प्लास्टिकची फीत बांधलेली असेल तर ती आधी सोडून घ्या.